प्रश्न तुमचे: ज्युनिअर्सचा मेंटर झालोय, आता नेमकं करायचं काय?

ॲडमिशनची धावपळ संपत आली की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. जूनमध्ये आईवडील विचारत असतात कुठलं कॉलेज बरं, आणि ऑगस्ट उजाडला की पोरं स्वतःच लिहायला लागतात. यंदा तर बरीचशी पत्रं एकाच विषयाची आलीयेत: कॉलेजने स्टुडंट मेंटर, म्हणजे नव्या मुलांना सांभाळून घेणारा सीनियर केलंय, हातात एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) पाच-सहा मुलांची नावं दिलीयेत, पुढे काय ते कुणी सांगितलेलं नाही. नाशिकमध्ये अशा मेंटर मुलामुलींची ट्रेनिंग मी बरीच वर्षं घेत आलेय, विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून आजचं सगळं सदर यालाच दिलंय. नावं नेहमीसारखी गाळलीयेत.

ताई, मी एसवायबीएस्सीला आहे. मला सहा ज्युनिअर दिलेत. मी त्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुप केला, 'काहीही डाउट असेल तर बिनधास्त विचारा' असं टाकलं. सहाही जणांनी अंगठा दिला आणि नंतर एकही मेसेज नाही. म्हणजे त्यांना गरज नाहीये का, की मीच कमी पडतोय?
(गंगापूर रोड)

अरे, गरज नाहीये असं अजिबात समजू नकोस. ग्रुपवर डाउट विचारायचा म्हणजे बाकी पाच जणांना कळणार की याला एवढंही येत नाही, आणि कॉलेज सुरू होऊन महिना नाही झाला, अजून एकमेकांची नावं धड पाठ नाहीयेत, अशात कोण तोंड उघडेल? शिवाय सुरुवातीला नेमकं काय विचारायचंय तेच कळत नसतं. एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) नावाची काही भानगड असते हेच ज्याला माहीत नाही तो त्याचा डाउट कुठून काढणार.

तेव्हा ग्रुप राहू दे, नोटिसा टाकायला बरा आहे, पण सुरुवात तू कर आणि एकेकाला भेटून कर. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, कँटीनला चहा घेता घेता. आणि भेटल्यावर 'सगळं ठीक ना?' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर कायम 'हो दादा' असंच येतं. बारीक बारीक विचार. सकाळी घरून किती वाजता निघतोस? प्रॅक्टिकलला कुठली बॅच, पार्टनर कोण? काल डबा कुणाबरोबर खाल्लास? हा डब्याचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण जो मुलगा रोज एकटाच जेवतोय त्याची ओळखच झालेली नाहीये कुणाशी, आणि अशी मुलं दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेली की परत यायला टाळाटाळ करतात. गावाकडून येणारा असेल तर कुठल्या स्टँडला उतरतोस तेही विचार. जुनं सीबीएस, ठक्कर बाजार, मेळा, निमाणी, महामार्ग, नाशिकमध्ये एवढी स्टँड आहेत की नवीन मुलगा पहिले पंधरा दिवस त्यातच गोंधळलेला असतो, सिटीलिंकची बस कुठे बदलायची हे नीट सांगणारा सीनियर त्याला लगेच आपला वाटतो.

तुला सहाच का दिले माहितीये? यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २००९ साली रॅगिंग रोखायचे जे नियम केले त्यातच हे लिहिलंय, सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटर, आणि अशा सहा मेंटरांमागे वरच्या वर्गातला एक मेंटर. म्हणजे सीनियरने ज्युनिअरला त्रास द्यायचा नाही एवढ्यावर ते नियम थांबत नाहीत, त्याने त्याला सांभाळून घ्यायचं हेही त्यातच येतं. मग तुझ्या वरचा कोण आहे ते आधी शोध. नेमलेलाच नसेल तर कोऑर्डिनेटर सरांकडे जाऊन माग, कारण तुलाही अडल्यावर विचारायला कुणीतरी लागणारच आहे.

आता कामाचं. सांगू नकोस, सोबत जा. एक्झाम सेक्शनची खिडकी, स्कॉलरशिपचं टेबल, लायब्ररीचा इश्यू काउंटर, काउन्सेलर मॅडम बसतात ती खोली. नवीन मुलगा एकटा खिडकीवर गेला आणि आतून 'उद्या या' असं आलं की तो पुन्हा तिकडे फिरकत नाही, तारीख उलटून जाते, लेट फी बसते, आणि हे सगळं दोन मिनिटं कुणी शेजारी उभं राहिलं असतं तर टळलं असतं. पहिल्यांदा तू बोल, दुसऱ्यांदा त्याला बोलू दे आणि तू मागे उभा राहा, तिसऱ्यांदा त्याला म्हण तुझ्या बॅचमधल्या अजून एकाला घेऊन जा. माझ्या मते मेंटरचं यश हेच, की दिवाळीनंतर पोराचं तुझ्यावाचून अडत नाही.

अजून एक, 'आमच्या वेळी असं होतं' हे जपून वापर. पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न आलाय, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किलचे विषय, क्रेडिटचा हिशेब, सगळी मांडणीच वेगळी. जुन्या सीनियर्सनी ऐकीव सांगितलेलं खूपदा जुन्या पॅटर्नचं निघतं आणि चुकीचा विषय घेतला की ज्युनिअर अडकतो. नोटीस बोर्ड आणि विद्यापीठाची साइट कशी बघायची ते त्याला शिकव. आणि माहीत नसेल तर सरळ सांग, मला माहीत नाही, चल विचारू. त्याने तुझी किंमत कमी होत नाही, उलट ज्युनिअरला कळतं की न येणं लपवायची गरज नसते.

ताई, मी टीवायबीए. माझ्या ग्रुपमधली एक मुलगी सुरगाण्याकडची आहे. हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून सिडकोत लांबच्या नातेवाइकांकडे राहते. वर्गात एकदा ती बोलली तर मागून कुणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल केली, तेव्हापासून ती गप्पच. आता घरी परत जाते म्हणते. मी तिला रोज मोटिव्हेट करते पण काही उपयोग होत नाहीये.
(पंचवटी)

अगं, तुझी तळमळ पत्रातून दिसते, पण मोटिव्हेशन थोडं बाजूला ठेवू. तिच्या डोक्यावर दोन ओझी आहेत, एक राहण्याचं आणि पैशाचं, दुसरं म्हणजे आपण इथले नाही ही भावना. पहिलं हललं नाही तर दुसऱ्यावर कितीही गोड बोललीस तरी ती ऐकूच शकणार नाही, कारण ज्यांच्याकडे राहतेय त्यांना आपण किती दिवस जड होणार हाच विचार तिच्या मनात चालू असणार.

म्हणून आधी एक अख्खी दुपार काढ आणि तिच्यासोबत कागद घेऊन बस. ती आदिवासी समाजातली असेल तर सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, त्यात राहण्या-जेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी तशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अटी आणि तारखा दरवर्षी बघून घ्यायच्या असतात, पण आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, प्रकल्प कार्यालयही आहे, तिथे जाऊन समोरासमोर विचारता येतं, ही आपल्या गावाची मोठी सोय आहे आणि किती मुलांना ती माहीतच नसते. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या साइटवरचा फॉर्म भरलाय का ते बघ. फॉर्म अडतो तो बहुतेक वेळा कागदांवर, उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, आणि आधारला लिंक नसलेलं बँक खातं, मंजूर झालेले पैसे खात्याच्या घोळात लटकलेले मी कितीतरी मुलांचे बघितलेत. तहसीलमधून काय काय आणायचं त्याची यादी करून दे म्हणजे एकाच फेरीत काम होईल, सुरगाणा काही जवळ नाही, येण्याजाण्यात दिवस जातो आणि भाडंही जातं. फक्त एक पाळ, तिचा पासवर्ड, ओटीपी, मूळ कागद स्वतःकडे ठेवायचे नाहीत. फॉर्म तिच्या हाताने भरला जाऊ दे, तू शेजारी बस.

आता नक्कल. हे 'गंमत होती' म्हणून सोडून द्यायचं नाही. यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत भर घातली, जात, धर्म, रंग, दिसणं, भाषा, प्रदेश, जन्मठिकाण, राहण्याचं ठिकाण, आर्थिक परिस्थिती यावरून केलेला मानसिक त्रासही त्यात धरला. म्हणजे कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या किंवा आहिराणी बोलणाऱ्या पोरीच्या हेलाची वर्गात टिंगल करणं त्यात येऊ शकतं. पण तिला न विचारता तक्रार करायला धावू नकोस, नाहीतर सगळ्या वर्गासमोर तिचाच विषय होईल. तिला विचार, मी वर्गशिक्षिकांशी बोलू का, तू सोबत येशील का, की मी एकटीने बोलू? ती म्हणेल तसं. नक्कल करणारा ओळखीचा असेल तर त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांग की हे पुन्हा झालं तर मी लेखी देणार.

आणि आपलेपणाचं म्हणशील तर अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल सांगते, ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांचा, २०११ साली छापून आला. फर्स्ट इयरच्या मुलांना त्यांनी सीनियर्सचे अनुभव वाचायला दिले, की सुरुवातीला आम्हालाही वाटायचं आपण इथे शोभत नाही, आणि ते हळूहळू गेलं. मग त्या मुलांना स्वतःच्या शब्दांत तसंच लिहायला सांगितलं, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी म्हणून. तासाभराचं काम. पण पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय मुलांचे मार्क वाढले आणि गोऱ्या मुलांशी असलेली तफावत साधारण निम्म्यावर आली. तिकडचा समाज वेगळा, इथे जसंच्या तसं होईल असं मी म्हणत नाही, पण त्यातलं काय घ्यायचं ते मला नीट दिसतं. 'सगळं छान होईल' हे कुणालाच पटत नाही. 'पहिल्या सेमिस्टरला इंग्लिशचं लेक्चर माझ्या डोक्यावरून जायचं, मी शेजारणीची वही घेऊन घरी पुन्हा लिहायचे' हे पटतं. तुझं असं काही असेल तर सांग. पेठ, कळवण, सुरगाण्याकडची कुणी सीनियर मुलगी शोधून तिची गाठ घालून दे. आणि दोनेक महिन्यांनी तिलाच म्हण, पुढच्या वर्षी तुझ्याकडची जी मुलगी येईल तिच्यासाठी एक पानभर लिहून ठेव.

टीसी काढायचं मात्र पहिल्या इंटर्नल परीक्षेपर्यंत थांबव, एवढं तिच्याकडून मागून घे. तरीही ती गेलीच तर रागावू नकोस आणि संपर्क तोडू नकोस. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्येच आहे, घरी राहून पदवी करता येते, ही वाटही तिला माहीत हवी.

नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. फर्स्ट इयरच्या मुलांना एम-वन (गणिताचा पहिला पेपर) फार जड जातंय म्हणून दर रविवारी मी दोन तास शिकवतो. समजलं म्हणतात, पण टेस्टला तेच. माझ्या जर्नलचे फोटोही मागतात, द्यावेत का?
(अमृतधाम)

जर्नल देऊ नकोस. कसं लिहायचं, आकृती किती मोठी, ऑब्झर्व्हेशन टेबल कसं आखायचं हे एकदा बसून दाखव, पण उतरवायला नाही.

आणि रविवारी शिकवणं कमी कर, त्यांना एकत्र बसवणं वाढव. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यापीठात उरी ट्राइझमन नावाच्या गणिताच्या माणसाने शोध घेतला, की कॅल्क्युलसमध्ये काही मुलं का मागे पडतात. लोकांना वाटायचं मेहनत करत नसतील, घरून पाठिंबा नसेल. त्याला दिसलं वेगळंच. कृष्णवर्णीय मुलं भरपूर अभ्यास करत होती पण एकेकटी, आणि चिनी वंशाची मुलं आधी एकटी सोडवून मग जमून एकमेकांची उत्तरं तपासत होती, कुठे अडलं ते उघडपणे बोलत होती. मग त्याने गट केले, त्यांना सोपी नाही तर अवघड गणितं दिली, आणि निकाल खूपच सुधारले.

तू फळ्यावर सोडवतोस तेव्हा त्यांना समजल्यासारखं वाटतं, हातात पेन घेतलं की अडतं. म्हणून पाच गणितं दे, वीस मिनिटं एकेकट्याने, मग तिघातिघांनी एकमेकांना समजावायचं, तू फिरत राहा आणि उत्तर सांगायच्या ऐवजी विचार की ही स्टेप का घेतली. आणि 'वीक मुलांसाठी' असं म्हणून बोलावू नकोस. मिसुरीच्या कॅन्सस सिटीला १९७३ मध्ये सीनियर मुलांकडून अभ्यासगट घ्यायची जी पद्धत सुरू झाली आणि पुढे बऱ्याच देशांत गेली, तिचा पायाच हा होता की विषय अवघड आहे असं म्हणायचं, मुलं कच्ची आहेत असं नाही. म्हणून हुशार मुलंही येतात आणि येताना कुणाला लाज वाटत नाही. एम-वनला सगळेच घाबरतात, तसंच सांग.

ताई, मी मेंटर आहे पण माझे मित्र म्हणतात ज्युनिअर्सना फ्लॅटवर बोलवून 'इंट्रो' घेऊ, सगळ्यांनी मिळून पार्टी द्यायची, थोडी मस्ती, आमच्यावेळी पण झालं होतं. मी विरोध केला तर ग्रुपमध्ये एकटा पडेन. यात खरंच एवढं वाईट आहे का?
(नाव-गाव देत नाही)

हो, वाईट आहे, आणि तुला ते आतून माहितीये म्हणूनच तू विचारतोयस. ज्युनिअरवर खर्चाचा भार टाकणं हे यूजीसीच्या नियमांत रॅगिंग म्हणूनच लिहिलेलं आहे. सीनियरची असाइनमेंट ज्युनिअरकडून लिहून घेणं, तेही. कॅम्पसबाहेरच्या फ्लॅटवर झालं म्हणून सुटका होते असं नाही. महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजमधून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे कुठेही प्रवेश मिळत नाही. मित्रांना एवढं वाचा म्हणावं.

कायद्यापलीकडेही बघ. मुलगा तुझ्या ओळखीवर विश्वास ठेवून त्या फ्लॅटवर येणार, दादा आहे ना तिथे, म्हणून. दार लागल्यावर त्याला हसत हसत अपमान सोसावा लागला तर तो पुन्हा कुठल्याच सीनियरकडे मदत मागायला जाणार नाही, आणि त्याला खरी मदत लागेल ती वेळ पुढे कधीतरी येणारच आहे. मित्रांना सांग इंट्रो करायचाच तर कॉलेजच्या कँटीनला, दुपारी, चहाचे पैसे सीनियर्सनी द्यायचे, आणि सीनियर्सनीही स्वतःची ओळख करून द्यायची. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर त्या दिवसाआधी कोऑर्डिनेटर सरांना किंवा अँटी-रॅगिंग कमिटीला सांग. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे, चोवीस तास चालते, तुझ्या सगळ्या ज्युनिअर्सच्या फोनमध्ये हा नंबर आजच सेव्ह करून दे. एकटं पडायची भीती खरी आहे, मी ती हलकी समजत नाही, पण असं सांगणाऱ्या मुलाजवळ गप्प बसलेली दोन-चार मुलं नंतर येतातच, हे मी खूपदा बघितलंय.

माझी एक ज्युनिअर सकाळी, रात्री, लेक्चर चालू असताना, सतत मेसेज करते. उत्तर नाही दिलं तर रुसते. माझी स्वतःची एटीकेटी आहे, अभ्यास होत नाहीये. नाही म्हणायला वाईट वाटतं.
(इंदिरानगर)

नाही म्हणू नकोस, वेळ ठरव. 'रोज संध्याकाळी सात ते साडेसात मी फोनवर आहे, बाकी वेळी उत्तर उशिरा येईल, अर्जंट असेल तर कॉल कर' असं प्रेमाने एकदा सांग आणि मग पाळ. ती प्रश्न विचारते तेव्हा दर दुसऱ्या वेळी म्हण, तुझ्या वर्गातल्या अमुक मुलीलाही हेच अडलंय, दोघी मिळून बघा आणि मला सांगा. तिला मैत्रीण हवीये गं, आणि ती तिच्याच वर्गात मिळाली तर जास्त टिकेल. एटीकेटी आधी सोडव. परीक्षेच्या महिन्यात मेंटरशिप कमी केलीस तर कुणी वाईट म्हणणार नाही.

रात्री एक वाजता माझ्या ज्युनिअरचा मेसेज आला, 'दादा नको झालंय सगळं, जगायचाच कंटाळा आलाय'. मग म्हणाला कुणाला सांगू नको, तुला शपथ आहे. मी रात्रभर त्याच्याशी बोलत बसलो. सकाळी तो म्हणाला आता बरं वाटतंय. मी कुणाला सांगितलं नाहीये. बरोबर केलं का?
(नाशिकरोड)

तू रात्रभर त्याच्यासोबत राहिलास, त्याला एकटं पाडलं नाहीस, हे फार मोठं काम केलंस. पण आता सांगायचं. हे वाचलंस की आजच.

शपथेचं ओझं मनावर घेऊ नकोस. जिवाचा प्रश्न असेल तिथे गुपित ठेवायचं नसतं, आणि हे त्यालाही सांगता येतं, 'तू मला महत्त्वाचा आहेस म्हणून मी हे एकट्याकडे ठेवणार नाही, आपण दोघं मिळून मॅडमना सांगू'. सकाळी बरं वाटलं म्हणजे संपलं असं नसतं, असे विचार येतात-जातात, पुन्हा येतात. आज त्याला घेऊन काउन्सेलरकडे जा, काउन्सेलर नसेल तर ज्या शिक्षकांवर त्याचा विश्वास आहे त्यांच्याकडे. घरच्यांना कोणी आणि कसं सांगायचं ते मोठी माणसं ठरवतील, ते तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस.

सगळ्याच मेंटरांसाठी लिहिते, असा मेसेज आला तर घाबरून विषय बदलू नका आणि 'असं बोलू नये' म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार मनात येतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही. आत्ता खोलीवर कोण आहे ते विचारा, रूम पार्टनरला उठवा, रेक्टरना फोन लावा, लांब असाल तर लाइनवर राहून दुसऱ्या कुणाला तरी तिथे पाठवा. टेली-मानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, आणि मेंटर स्वतःही तिथे फोन करून विचारू शकतो की मी आता काय करू. धोका समोर दिसत असेल तर ११२. रात्रभर समजूत घालायचं काम विशीतल्या मुलावर एकट्याने पडू नये, ते तुझं काम नाहीचे. तुझं काम त्याला योग्य माणसापर्यंत नेऊन पोचवायचं. आणि तूही कुणाशी तरी बोल रे, अशा रात्रीनंतर आपल्यालाही नीट झोप लागत नाही, जेवण जात नाही, काउन्सेलरना स्वतःसाठीही वेळ माग.

मी एक आई आहे. आमच्या घरातला कॉलेजला गेलेला हा पहिलाच मुलगा. त्याच्या मेंटर मुलाचा नंबर मिळवला, मुलगा बोलायला चांगला आहे, पण हजेरी किती, कुणाबरोबर फिरतो हे विचारलं की सांगत नाही. मग त्याचा उपयोग काय?
(पिंपळगाव बसवंत)

ताई, तुमची काळजी मला पूर्ण कळते, घरात विचारायला अनुभवी कुणी नसतं तेव्हा जीव जास्तच लागून राहतो. पण तो मेंटर बरोबर वागतोय. तुमच्या मुलाला एकदा जरी कळलं की दादाला सांगितलेलं घरी पोचतं, तर तो दादाला काहीच सांगणार नाही, आणि मग अडचणीच्या वेळी ना तुम्हाला कळेल ना त्या मेंटरला. जिवाला धोका असेल, कुणी त्रास देत असेल तर चांगला मेंटर कॉलेजला सांगतो आणि कॉलेज तुम्हाला कळवतं. हजेरीचं म्हणाल तर वर्गशिक्षकांना विचारा, ७५ टक्क्यांचा नियम आहे, पालकसभेला या, तो तुमचा हक्कच आहे. आणि द्राक्षछाटणीच्या गडबडीतून वेळ काढून एकदा मुलासोबत कॉलेज बघून जा. कुठे बसतो, कुठे जेवतो ते त्याला दाखवू द्या, चौकशी करायला नव्हे, नुसतं बघायला.

मी एफवायला आहे, पुढच्या वर्षी मेंटर व्हायची खूप इच्छा आहे. पण मी अबोल आहे, स्टेजवर बोलता येत नाही. मैत्रिणी म्हणतात तुझं काम नाही ते.
(म्हसरूळ)

अगं, स्टेजचा आणि याचा काय संबंध? माझ्या बघण्यात जे मेंटर खरंच चांगले निघाले त्यात अबोल पोरं भरपूर होती. बोलकी मुलं पहिल्या भेटीत छाप पाडतात, पण बरेचदा समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत सल्ला देऊन मोकळी होतात. शांत मुलीसमोर ज्युनिअर हळूहळू बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो, आणि खरी अडचण त्या दुसऱ्या वेळच्या बोलण्यात येते.

तयारी आत्तापासून कर. एक वही कर, आणि या वर्षी तुला जे जे अडलं ते तारखेसकट लिहीत जा. परीक्षा फॉर्म कधी आला, स्कॉलरशिपला कुठला कागद परत आला, ओपन इलेक्टिव्ह निवडताना काय कळलं नाही, कुठल्या आठवड्यात घरची सगळ्यात जास्त आठवण आली. टीवायला गेल्यावर हे सगळं विसरायला होतं, तू अजून त्यातच आहेस म्हणून तुझ्याकडे ते ताजं आहे. ऐकायची सवय म्हणून मैत्रीण काही सांगत असेल तर सल्ला द्यायच्या आधी एकदा विचारत जा, 'तुला काय करावंसं वाटतंय?' सुरुवातीला अवघड जातं, नंतर जमतं. आणि कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटून मेंटरची निवड कधी आणि कशी होते ते विचारून ये, दुसरं सेमिस्टर संपायच्या आत, कारण परीक्षा लागली की सगळे पांगतात आणि यादी जूनमध्ये घाईघाईत होते. मुलाखतीत काय विचारतात याची भीती वाटत असेल तर ती वहीच सोबत घेऊन जा.